हजेरीपटावरचा नमाज

गुन्ह्यात सापडलेल्या मुसलमान मुलाला पाच वेळच्या नमाजाची सवय लावली की त्याची चाल आपोआप सुधारते, सबब निरीक्षणगृहांत व विशेष गृहांत अशा मुलांकरिता नमाज हा सुधारणेचा उपाय म्हणून सरकारने अंगीकारावा, आणि मुलाच्या वर्तणुकीचा अहवाल बाल न्याय मंडळापुढे ठेवताना त्याच्या नमाजाचीही नोंद त्यात असावी, अशी एक तजवीज हल्ली पुष्कळदा ऐकू येते. सुचविणारे लोक दुष्ट नाहीत. त्यांत मोहल्ल्यातील दोन-चार पोरे हातची गेलेली पाहून हळहळणारे वडीलधारे मुसलमान आहेत, तसेच त्या मुलांना त्यांच्याच धर्माचा धाक हवा असे मनापासून मानणारे हिंदू सद्गृहस्थही आहेत. दोघांचे हेतू निराळे, निष्कर्ष एक. आणि तो निष्कर्ष मला सर्वस्वी अग्राह्य वाटतो, म्हणून हा प्रतिवाद.

प्रतिपक्षाचे म्हणणे प्रथम त्याच्या पुऱ्या बळानिशी मांडले पाहिजे. ज्या मुलाला दिवसाचा आदिअंत ठाऊक नाही, जो दुपारी बाराला उठतो आणि रात्री दोनला घरी येतो, त्याच्या दिवसाला फजर, जोहर, असर, मगरिब आणि इशा या पाच वेळा पाच खुंट्यांसारख्या ठोकून दिल्या तर त्याचे भटकणे आवरते, हे खोटे नाही. वजू करताना हात धुवायचे, चूळ भरायची, नाकात पाणी घ्यायचे, तोंड धुवायचे, कोपरापर्यंत हात भिजवायचे, ओला हात डोक्यावरून फिरवायचा आणि घोट्यापर्यंत पाय धुवायचे, हा सारा क्रम घाई न करता पाळावा लागतो. घाई न करण्याची ही सवयच मुळी अशा मुलाला कधी लागलेली नसते. मग सफेत, म्हणजे रांगेत, उभे राहायचे, खांद्याला खांदा लावून, शेजारी कोण आहे याची चौकशी न करता. शिवाय कुराणाच्या 29 व्या अध्यायात नमाज माणसाला निंद्य कृत्यांपासून आवरतो असे स्पष्ट सांगितले आहे, आणि मूल सात वर्षांचे झाले की त्याला नमाज शिकवावा अशी हदीसची आज्ञा आहे. इतके सगळे हाताशी असताना सरकारने त्याचा उपयोग का करू नये, हा प्रश्न वरवर पाहता बिनतोड वाटतो.

परंतु औषध लिहून देणाऱ्याने रोगाचे निदान आधीच केलेले असते, आणि येथे ते निदान न बोलता केलेले आहे. नमाज हा जर उपाय, तर नमाजाचा अभाव हा रोग ठरतो. म्हणजे मुलाने चोरी केली ती तो मुसलमान म्हणून कमी पडला यामुळे, असा अर्थ आपण त्याच्या कपाळी लिहून मोकळे होतो. पलूसच्या बाजारातून दोन पोरांनी मिळून एक मोटारसायकल पळविली, त्यांतला एक मुलाणी आणि दुसरा मराठा, असे क्षणभर समजू. एकाच्या दुरुस्तीसाठी नमाज आणि दुसऱ्यासाठी हरिपाठ नेमून द्यायचा काय? मोटारसायकल एकच, पेट्रोल एकच, ती विकून खाल्लेले पैसे एकाच हॉटेलात उडविलेले, दोघांचेही शाळेतून नाव कमी झालेले, दोघांचेही बाप सकाळी मजुरीला जाऊन रात्री परतणारे. आणि त्यांच्या सुधारणेची दफ्तरे मात्र दोन धर्मांची दोन! ज्या मुलखात शेजारच्या कडेगावला मोहरमच्या उंचच उंच ताबुतांच्या भेटी हिंदू आणि मुसलमान दोघे मिळून घडवून आणतात, आणि मिरजेस ख्वाजा शमना मीराच्या उरुसात पहिला गलेफ चढविण्याचा मान चर्मकार समाजाकडे आहे, त्या मुलखातील लोकांनी दोन गुन्हेगार पोरांना वेगळे काढण्याची ही युक्ती शोधून काढावी, याचे मला नवल वाटते.

आता प्रत्यक्ष अंमलबजावणीकडे पाहा. सरकारी संस्थेत जी गोष्ट उपाय म्हणून शिरते ती हजेरीपटावर शिरते, याला अपवाद नाही. नावापुढे पाच रकाने येतील. मगरिबला हजर, इशाला गैरहजर, कारण पोटदुखी. खाली काळजीवाहकाची सही. अधीक्षक महिन्याची बेरीज करतील, ती परिविक्षा अधिकाऱ्याच्या अहवालात जाईल, आणि मंडळासमोर ज्याचा प्रश्न सुटकेचा आहे तो सोळा वर्षांचा मुलगा, ज्याला संस्थेच्या भिंतीआड दुसरे काही शिकायला मिळो वा न मिळो, व्यवहार मात्र चटकन शिकतो, तो आठ दिवसांत ताडतो की येथे कपाळ जमिनीला टेकविण्याला भाव आहे. तो टेकवील. तो अत्यंत नियमित होईल. आणि त्याच कुराणाच्या 107 व्या अध्यायात जे नमाज पढतात पण त्याविषयी बेपर्वा असतात, लोकांना दिसावे म्हणून पढतात आणि शेजाऱ्याला साधी वापरायची वस्तूही देत नाहीत, त्यांचा जो कठोर धिक्कार केला आहे, त्या वर्गात त्याला आपण सरकारी खर्चाने नेऊन बसवू. कर्माची किंमत नियतेवर ठरते, ही हदीस तर बुखारीने आपल्या संग्रहाच्या अगदी आरंभी ठेवली आहे. हजेरीपटाला नियत मोजता येत नाही. तेव्हा या योजनेला माझी पहिली हरकत निधर्मी माणसाची नव्हेच. ती नमाजाच्या बाजूनेच घेतलेली आहे.

असा व्यवहार जगात चालू आहे. सौदी अरेबिया, दुबई, पाकिस्तान येथे कुराण मुखोद्गत करणाऱ्या कैद्याला शिक्षेत सूट देण्याची वहिवाट आहे. पाठांतर हे परिश्रमाचे काम आहे आणि त्यात चित्त गुंतल्याने काहींचे कल्याणही होत असेल. पण सूट आणि श्रद्धा यांची अशी मोट एकदा बांधली की बाहेर पडणाऱ्या माणसाने नेमके काय मिळविले, श्रद्धा की सूट, हे त्याचे त्यालाही सांगता येणार नाही.

पुरावा काय सांगतो, हाही प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत 1969 साली ट्रॅव्हिस हर्शी आणि रॉडनी स्टार्क यांनी चर्चला जाणाऱ्या व न जाणाऱ्या मुलांची तुलना केली, तेव्हा गुन्ह्यांच्या बाबतीत दोघांत दखल घेण्याजोगा फरक त्यांना आढळला नाही. पुढच्या अभ्यासकांनी हे मत पुष्कळ सौम्य केले, धर्माचा काहीसा अटकाव होतो असे म्हटले, आणि खुद्द स्टार्कने जेथे भोवतालचा समाजच धर्मनिष्ठ असतो तेथे तो अटकाव अधिक दिसतो असे मत पुढे मांडले. परंतु ही सर्व चर्चा स्वेच्छेने धर्म पाळणाऱ्यांची. तुरुंगात धर्म हा उपाय म्हणून राबविला तर काय होते, याचे बोलके उदाहरण टेक्सासचे आहे. तेथे ह्यूस्टनजवळच्या एका तुरुंगात 1997 पासून ख्रिस्ती प्रार्थना आणि बायबल यांवर उभारलेला एक कार्यक्रम चालला, आणि 2003 साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला की कार्यक्रम पुरा करणाऱ्यांपैकी शेकडा 8 च पुन्हा तुरुंगात आले, तर त्यांच्याशी मिळत्याजुळत्या इतर कैद्यांपैकी शेकडा 20. वृत्तपत्रांतून जयजयकार झाला. मग मार्क क्लायमन या अभ्यासकाने तेच आकडे उलगडून दाखविले: कार्यक्रमात दाखल झालेले 177, त्यांतून पुरा केलेले अवघे 75, आणि दाखल झालेल्या सगळ्यांचा हिशेब केला तर पुन्हा तुरुंगात आलेले शेकडा 24.3, म्हणजे कार्यक्रमाबाहेरच्या 20.3 पेक्षा काकणभर अधिकच. यातली खरी मेख पुढेच आहे. कार्यक्रम पुरा केला असे मानण्याची एक अट अशी होती की सुटल्यावर त्या माणसाने तीन महिने नोकरी टिकविलेली असावी. नोकरी टिकविणारा माणूस तुरुंगात परत येत नाही, हे सिद्ध करण्यास देवाला कशाला साक्षीला बोलवायचे?

येथे कोणी माल्कम एक्सचे नाव पुढे करील, आणि ते करणे योग्यच आहे, कारण तुरुंगात इस्लामने माणूस बदलल्याचे त्याच्याइतके विख्यात उदाहरण दुसरे नाही. घरफोडीच्या गुन्ह्यात 1946 साली तो आत गेला तेव्हा एकवीस वर्षांचाही नव्हता, आणि 1952 साली बाहेर आला तो निराळाच मनुष्य होऊन. प्रार्थनेसाठी गुडघे टेकणे आपल्याला सर्वांत कठीण गेले, हे त्याने स्वतः सांगून ठेवले आहे. पण त्याला ते टेकायला सांगितले कोणी? अधीक्षकाने नव्हे, न्यायाधीशाने नव्हे, कोणत्याही मंडळाने नव्हे. भावंडांची पत्रे येत होती, भाऊ भेटायला येत होता, आणि नॉरफोकच्या त्या तुरुंगात एक मोठे ग्रंथालय होते, ज्यातली पुस्तके तो दिवे मालविल्यावरही आपल्या खोलीत व्हरांड्याच्या अंधुक उजेडात वाचत बसे. त्या काळचे तुरुंग खाते त्याच्या धर्माकडे संशयानेच पाहत असे. तात्पर्य, तो झुकला तो कोणाच्याही हुकमावाचून, आणि म्हणून ते झुकणे त्याचे स्वतःचे राहिले.

परंतु इतक्या दूर जाण्याचे कारण नाही, कारण या विषयातले आपले सर्वांत मोठे प्रमाण आपल्याच सांगली जिल्ह्यात उभे आहे. आजच्या पलूस तालुक्यातले कुंडल हे पूर्वी औंध संस्थानचे. त्याच संस्थानाच्या दुसऱ्या टोकाला आटपाडी. त्या आटपाडीजवळ 1939 च्या सुमारास औंधचे राजे भवानराव श्रीनिवासराव पंत प्रतिनिधी यांनी, मॉरिस फ्रीडमन या पोलिश ज्यू अभियंत्याच्या, म्हणजे भगवी वस्त्रे धारण करून भारतानंद झालेल्या गृहस्थाच्या प्रेरणेने, स्वतंत्रपूर नावाची वसाहत वसविली. तेथे खुनाच्या गुन्ह्यातील कैदी ठेवले, आणि भोवती तट घातला नाही. त्यांना कसायला जमीन दिली, राहायला घर दिले, आणि त्या घरात बायकामुले आणून राहण्याची मुभा दिली. ते कैदी प्रौढ होते, पोरे नव्हती, हा भेद मी विसरत नाही. पण जो मनुष्य खून करून आला आहे त्याच्या बाबतीत जे धाडस एका संस्थानिकाने केले, ते मोटारसायकल पळविणाऱ्या पोराच्या बाबतीत करण्यास आपण कचरावे काय, हा प्रश्न त्या भेदाने अधिकच टोकदार होतो. संस्थाने विलीन झाली, आटपाडी दक्षिण सातारा जिल्ह्यात आणि मग सांगलीत जमा झाली, तरी ती वसाहत तुरुंग खात्याच्या कारभाराखाली आजही चालू आहे.

याच आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्यात जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांनी त्या वसाहतीवर कथा रचली, व्ही. शांतारामांनी 1957 साली तिचा ‘दो आंखे बारह हाथ’ हा चित्रपट केला, दुसऱ्या वर्षी त्याला बर्लिनला रौप्य अस्वल हे पारितोषिक मिळाले, आणि त्यातली प्रार्थना देशभर शाळांच्या परिपाठात जाऊन बसली. लोकांच्या स्मरणात जे राहिले ते ती प्रार्थना. सहा खुनी हात जोडून उभे आहेत, स्वर लता मंगेशकरांचा, संगीत वसंत देसाईंचे. इतके मनोहर दृश्य पाहिल्यावर त्या माणसांना प्रार्थनेने सुधारले असे प्रेक्षकाला वाटले तर त्यात नवल नाही. चित्रपटाचे ते सामर्थ्यच आहे, आणि माझ्या मते त्याने स्वतंत्रपुराचे थोडे नुकसानही केले आहे. कारण वसाहतीचे मर्म उघड्या दारात होते. पळून जाता येत असताना न पळण्याचा निर्णय त्या माणसाला रोज स्वतःच घ्यावा लागत होता, आणि सकाळी उठल्यावर त्याच्यापुढे पीक, बैल, बायको आणि पोर असे चार तगादे उभे होते. हे दृश्य पडद्यावर रोज दाखविता येत नाही. प्रार्थना तीन मिनिटांत दाखविता येते.

आणि लक्षात घ्या, ही वसाहत वसविणारा राजा नास्तिक नव्हता. सूर्यनमस्कारांचे त्याला वेड होते. स्वतः नेमाने घाली, त्यावर पुस्तक लिहिले, संस्थानच्या शाळांतून ते सक्तीचे केले. नमस्कारांनी देह आणि मन दोन्ही सुधारतात अशी त्याची ठाम निष्ठा होती. तरीही स्वतंत्रपूरचे नाव झाले ते नमस्कारांमुळे नव्हे. याच राजाने कुंडल रोडच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना 1910 साली कारखान्यासाठी जागा दिली. आणि किर्लोस्करवाडीच्या त्या वसाहतीत लक्ष्मणरावांनी रात्रीच्या राखणीला कोणाला नेमले, तर पिराजी आणि तुकाराम या शिक्षा भोगून आलेल्या रामोशांना. रामोशी म्हटला की पोलिसपाटलाने दाराला कडी घालावी असे ते दिवस. लक्ष्मणराव मूर्तिपूजेच्या वाटेला जाणारे गृहस्थ नव्हते, तेव्हा त्यांनी त्या दोघांकडून कोणते नामस्मरण करून घेतले असण्याचा संभव दिसत नाही. त्यांनी त्यांच्या हाती वाडीची राखण दिली. निष्ठावान राजा आणि बुद्धिवादी कारखानदार, दोघांचे देवाविषयीचे मत दोन टोकांना, आणि गुन्हेगाराविषयीचे कर्तृत्व एका जातीचे. यावरून सुधारणेचे मर्म कशात होते हे सुज्ञाने ठरवावे.

येथवर वाचून ज्यांना गुदगुल्या झाल्या असतील, त्यांच्याशीही दोन शब्द बोलले पाहिजेत. नमाजाची तजवीज निघाली की ज्यांना राज्यघटना आठवते, त्यांतल्या पुष्कळांना त्याच सुधारगृहात गीतापठण, भजनाची स्पर्धा किंवा मंत्रासहित सूर्यनमस्कार सुरू झाले की ती आठवत नाही. तेव्हा ती संस्कृती असते. माझा आक्षेप दोन्हीकडे सारखाच लागू आहे, आणि ज्याला तो एकाच बाजूला लावायचा असेल त्याने माझ्या लेखाचा आधार घेऊ नये. आणखीही एक पंथ आमच्या भागात आहे, तो म्हणतो की प्रार्थना नको आणि सुधारणाही नको. प्रतिसरकारच्या दिवसांत गावगुंडांना पत्री, म्हणजे तळपायांवर मार, लागत होती, तशी लावा. कुंडलच्या परिसरात ही आठवण अभिमानाने सांगितली जाते, आणि 1943 नंतरच्या त्या तीन वर्षांत परकी सत्तेच्या कचेऱ्यांना डावलून गावोगाव न्याय देणाऱ्या माणसांचे धैर्य मोठेच होते. पण युद्धकाळातील भूमिगतांची निकड ही स्वतंत्र देशाच्या न्यायपद्धतीची सनद होऊ शकत नाही, एवढे म्हणून मी पुढे जातो.

कायद्याकडे वळू. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 18 मध्ये मंडळाने कोणते हुकूम द्यावेत याची फेरिस्त आहे: समज देणे, समुपदेशन, समाजसेवा, दंड, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर पालकांच्या स्वाधीन करणे, फार तर तीन वर्षे विशेष गृह, त्याला जोडून शाळा, धंदेशिक्षण, व्यसनमुक्ती. यात प्रार्थना नाही. प्रतिपक्ष म्हणेल, आणि त्याला तो हक्क आहे, की त्या कायद्याखालच्या नमुना नियमांत संस्थेच्या दिनक्रमात व्यायाम, शिक्षण, खेळ यांच्या पंक्तीला प्रार्थना व समूहगान यांचाही उल्लेख आहे. आहे. पण दिवसाच्या क्रमात एखादी गोष्ट असणे आणि मुलाच्या सुटकेचे माप म्हणून ती असणे यांत, जेवणाच्या पंगतीत बसणे आणि जेवणावरून जामीन ठरणे यांइतके अंतर आहे.

मग ज्या मुलाला नमाज पढायचाच आहे त्याचे काय? त्याचा तो हक्क आहे, आणि तेथे मी प्रतिपक्षाहूनही आग्रही आहे. वजूला पाणी, बसायला स्वच्छ जागा, शुक्रवारी दुपारची सवड, रमजानात सहरी आणि इफ्तारीच्या वेळी शिजलेले अन्न, मागितल्यास मौलवींची भेट, हे सर्व अधीक्षकाने विनातक्रार पुरवावे. आणि ज्याने यांतले काहीच मागितले नाही त्याला एका शब्दाने विचारू नये. दोघांच्याही अहवालात या विषयाचा रकाना कोरा असावा. किंबहुना तो रकाना छापलेलाच नसावा.

रकाने भरायचेच असतील तर दुसरे आहेत, आणि ते रिकामे पडलेले असतात. पलूस-तासगावच्या पट्ट्यात द्राक्षाच्या छाटणीपासून माल उतरेपर्यंत हाताला काम असते, कुंडलला साखर कारखाना आहे, किर्लोस्करवाडीत शंभर वर्षांहून जुन्या कारखान्यात पंप घडत आहेत, पलूसला औद्योगिक वसाहत आहे. सुटून आलेला पोरगा तेथे जातो तेव्हा त्याच्याकडे पहिली मागणी होते ती पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीच्या दाखल्याची. बाल न्याय मंडळापुढे दोषी ठरल्यामुळे त्या मुलाला, फार गंभीर गुन्ह्यांतले अपवाद सोडता, कोणतीही अपात्रता चिकटू नये, आणि अपिलाची मुदत संपल्यावर त्याचे दफ्तर नष्ट करावे, असे त्याच अधिनियमाचे कलम 24 सांगते. गावातल्या ठाण्यात ते दफ्तर नष्ट झाले की नाही, याची खातरजमा कोण करतो? हवालदार विसरत नाही, शेजारी विसरत नाहीत, कारखान्याच्या दरवाज्यावरचा माणूस तर मुळीच विसरत नाही. अठरा वर्षे पुरी करून संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला आर्थिक आधार देता यावा अशी तरतूद कलम 46 मध्ये आहे. ती वापरण्यासाठी अर्ज कोणाकडे करायचा हे त्याच्या आईला सांगायला जो जाईल, मग तो मशिदीचा मुतवल्ली असो, ग्रामपंचायतीचा सदस्य असो वा परिविक्षा अधिकारी, त्याच्याशी माझा काहीच वाद नाही. मोहल्ल्यातील ज्या वडीलधाऱ्यांचा उल्लेख मी आरंभी केला, त्यांनी सरकारकडे नमाजाच्या रकान्यासाठी अर्ज करण्यापूर्वी हा एक अर्ज करून पाहावा, आणि दफ्तर नष्ट केल्याचा लेखी दाखला मुलाच्या हाती पडेपर्यंत कचेरी सोडू नये.